काठ शाबूत आहे

जेकार्डच्या पुठ्ठ्यांची चळत खांद्यावर घेऊन धर्मेंद्र दारातून आत शिरला, आणि त्याच्या कोपराचा धक्का लागून हर्षदाच्या हातातला चहा तिच्याच ओढणीवर सांडला.

"डाग जाईल ना?" तो पुरता गोंधळला.

"सुरतेचं पॉलिएस्टर आहे, जाईल. तुमचं लक्ष कुठं होतं?"

"कॉम्प्युटरकडं..." तो म्हणाला. पण कॉम्प्युटर होता डावीकडं, आणि तो तर समोर बघत होता.

सुरतेतल्या छगनभाईंच्या त्या ऑफिसात साड्यांचे काठ कॉम्प्युटरवर काढत. खालीच माग चालवणाऱ्या, डिंडोलीतल्या उखाभाऊंची ही मुलगी हर्षदा तिथं कामाला लागली, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. धर्मेंद्र अकोल्याकडचा. नक्षी बघून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, हे त्याचं काम. भोक असेल तिथं मागावर धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. पण हातानं भोकं पाडायचे दिवस सरत आले होते. छगनभाई म्हणाले, "हर्षदाबेनकडून शीख. श्रावणाच्या आत स्वतःचा एक काठ काढून दाखव. पसंत पडला तर इथली खुर्ची तुझी."

नाहीतर अकोल्याला मामाचं किराणा दुकान होतंच.

रोज दुपारी तो शिकायला येऊ लागला. खिडकीबाहेर पाऊस, खालच्या मजल्यावर मागांची खडखड, आणि दोघांमध्ये एकच कीबोर्ड.

"सगळे मला हर्षदाबेन म्हणतात. सुरतेची रीतच आहे, प्रत्येकीला बहीण म्हणायची. तुम्हीच तेवढे काही म्हणत नाही," एकदा तिनं छेडलं.

"मले नाही जमत."

"का बरं? सोपा तर शब्द आहे."

"सोपा आहे... पण महाग पडंल."

तिनं पटकन खिडकीबाहेर पाहिलं. कान मात्र लाल झाले होते.

काठ दाखवायचा दिवस उजाडला. ऑफिसात एक नियम होता – पाळी बदलताना सेव्ह करायचं नाही. खाली सगळे माग एकदम सुरू होतात आणि वीज झोका खाते. धर्मेंद्र रंगात आला होता, भोंगा त्याला ऐकूच आला नाही. त्यानं सेव्हचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर फाइल काही केल्या उघडेना. छगनभाई व्यापाऱ्याला घेऊन तासाभरात येणार होते.

"गेलं सारं," तो उठला. "मामाले फोन करतो."

हर्षदानं त्याची खुर्ची पुढं ओढली. उद्यापासून ही शेजारची खुर्ची रिकामी...

"बसा खाली. चित्र दिसत नाही म्हणजे चित्र नाही, असं कोणी सांगितलं?"

तिनं नक्षीचा प्रोग्राम बंद केला. डॉसच्या काळ्या पडद्यावर 'डीबग' आणि पुढं फाइलचं नाव लिहिलं, मग एकच अक्षर, 'डी'. भराभर ओळी उतरल्या. नुसते आकडे आणि अक्षरं.

"हे काय, बाप्पा?"

"फाइलचं पोट. आत जे आहे ते जसंच्या तसं."

पहिली ओळ शून्यांनी भरलेली होती. हर्षदा 'डी' दाबत पुढच्या ओळींकडं जात राहिली, आणि धर्मेंद्र एकदम वाकला. "थांबा... हे तं माझे पुठ्ठे आहेत. हे भोक, हे कोरं. इथं पानाचं टोक, अन् इथून उलटं..."

"काठ शाबूत आहे," हर्षदा म्हणाली. "वरची ओळखच तेवढी पुसली गेली. धागे किती, ओळी किती, हे प्रोग्रामला पहिल्या ओळीत लागतं."

तिनं एका धडधाकट फाइलची पहिली ओळ पाहून घेतली. ती विचारी, तो आपल्या काठाचं माप सांगे, ती शून्यांच्या जागी भरी. मग फाइल सेव्ह करून तिनं ती पुन्हा नक्षीच्या प्रोग्राममध्ये उघडली.

पडद्यावर कण्हेर फुलली. लांब पानं, मध्ये गुलाबी फुलं.

"कण्हेर कुठं पाहिलीत?"

"तुमच्या दारात. उखाभाऊले निरोप द्याले आलो होतो... तुम्ही पाणी घालत होत्या."

छगनभाईंनी काठ पाहिला, व्यापाऱ्यानं मान हलवली, खुर्ची मिळाली. माणसं गेल्यावर हर्षदानं हळूच विचारलं, "आता तरी बेन म्हणाल?"

"आता तं मुळीच नाही."

नव्या काठाची पहिली साडी काढणाऱ्याच्या घरी जायची, अशी कारखान्याची चाल. धर्मेंद्रनं ती डिंडोलीला नेऊन हर्षदाच्या आईच्या, मंदाबाईंच्या हातात दिली. श्रावणात उखाभाऊंच्या घरी कानबाई, ही खानदेशच्या लोकांची देवी, बसली ती तीच साडी नेसून. येणाऱ्या-जाणाऱ्याला उखाभाऊ थांबवून दाखवत, "काठ ह्या पोरानी काढा, माग मी चालाडा, नि वाचाडा मन्ही पोरनी."

जेवायच्या वेळी मंदाबाई कानबाईचे रोट, नैवेद्याच्या जाड पोळ्या, घेऊन आल्या. धर्मेंद्रनं भक्तिभावानं हात पुढं केला. त्यांनी ताट झटकन मागं घेतलं. त्याचा चेहरा उतरला. आपण परके, हे विसरलोच...

उखाभाऊ मिशीत हसले. "अरे बाबा, रोट फक्त भाऊबंद खातस. तू खाशी तर भाऊबंद व्हशी. मंग मन्ही पोर तुले कशी देवानी?"

सगळं घर हसलं. अशा वेळी मुलीनं मान खाली घालायची असते. हर्षदानं घातली नाही. कानबाईच्या अंगावरच्या त्या काठाकडं पाहून घेतलं, आणि मग सरळ धर्मेंद्रकडं.