मासा का मेला नाही?

सिएरानं काचेची बरणी नळाखाली धरली, काठोकाठ भरली आणि पिशवीतला सोनेरी मासा तिच्यात सोडून दिला. मर्टल शेजारीच उभी होती. तिला सगळं माहीत होतं, तरी ती गप्प बसली.

काय माहीत होतं, ते आधीच सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी मर्टलनं असाच एक मासा नळाच्या ताज्या पाण्यात सोडला होता. सकाळी बघते तर मासा पोट वर करून तरंगतोय. तेव्हा पॉपनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तिला मांडीवर घेऊन समजावलं होतं, "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पोरी. त्यानं जंतू मरतात म्हणून आपण वाचतो, पण माशाचे कल्ले भाजतात. पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवायचं, मग मासा सोडायचा." पॉपना हे माहीत असणारच. डंबल कोव्ह गावाचं पंपघर गेली बावीस वर्षं तेच चालवत होते.

मग मर्टल बोलली का नाही? कारण ती जळत होती. अगदी नखशिखान्त जळत होती.

हे गावाचं 'घरी या' वर्ष होतं. कामासाठी दूर गेलेली सगळी मंडळी नऊ दिवसांसाठी परतली होती. दोनशे माणसांच्या गावात सहाशे झाली होती आणि प्रत्येक अंगणात एक तंबू होता. मर्टलची मावशी चार हजार मैलांवरून, अल्बर्टाहून आली होती. तिच्याबरोबर तिची मुलं, आठ महिन्यांचा वायट आणि बारा वर्षांची सिएरा. आल्या आल्या सिएराला मर्टलची खिडकीजवळची खाट मिळाली. नॅननं, म्हणजे आजीनं, जपून ठेवलेली लाल बोरांच्या मुरंब्याची शेवटची बाटलीही तिच्यासाठीच फोडली. आज धक्क्यावरच्या जत्रेत मर्टलनं नऊ कड्या फेकल्या, नऊही समुद्रात. सिएरानं एक फेकली आणि मासा जिंकला.

नाव तरी बघा. एकीचं नाव सिएरा आणि दुसरीचं पणजीवरून ठेवलेलं मर्टल!

हेही सगळं एक वेळ चाललं असतं. पण पंपघराचं दुःख मोठं होतं. दर उन्हाळ्यात सकाळी पॉप दार वाजवायचे, "चल गं, माझी मदतनीस." मग दोघं टेकडी चढून तळ्याकाठी जायची. मर्टल काचेच्या कुपीत नळाचं पाणी घ्यायची, पुडीतली पावडर टाकायची आणि पाणी गुलाबी होईपर्यंत श्वास रोखून बघायची. गुलाबी झालं की क्लोरीन पुरेसं आहे. "झालं, आज गाव सुरक्षित," पॉप म्हणायचे. मर्टलला वाटायचं, हे आपल्यामुळेच झालं. पण या गुरुवारपासून त्यांनी दार वाजवलंच नव्हतं. "पाहुणे आहेत, गडबड आहे," एवढंच बोलायचे आणि नजर चुकवायचे. दारामागच्या खिळ्यावरची किल्लीही गायब होती. मर्टलनं हिशेब केला. सिएरा आली कधी? गुरुवारी.

म्हणून ती गप्प बसली. मरू दे मासा, तिला वाटलं.

मावशीनं त्याच नळाखाली वायटची दुधाची पावडर घातलेली बाटली धरली. "तिकडे मी पाणी उकळून घेते," ती म्हणाली, "पण इथं बाबा स्वतः बघतात म्हटल्यावर काय काळजी?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मर्टल सगळ्यांच्या आधी उठली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. डोळे मिटले की पांढरं पोट दिसायचं. ती अनवाणी स्वयंपाकघरात आली आणि खिडकीत ठेवलेल्या बरणीकडे बघितलं.

मासा मजेत पोहत होता. तोंड उघडून, मिटून तिच्याकडेच बघत होता.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. मग लगेच राग आला. हिचं सगळं कसं सुरळीत होतं? माझा मासा मरतो आणि हिचा जगतो! आणि मग, हातात पाव घेऊन उभी असतानाच, तिच्या डोक्यात ट्यूब पेटली. मासा सिएराचा आहे म्हणून क्लोरीन त्याला घाबरणार होतं थोडंच?

तिनं नळ सोडला आणि वास घेतला. नेहमीचा औषधी वास नव्हता. काल संध्याकाळपासून गावभर एकच कौतुक चाललं होतं, चहा कसा अगदी जुन्या दिवसांसारखा लागतोय. आंट ब्यूला तर प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारत होत्या, "लागतो की नाही आईच्या हातचा?" आंट ब्यूला या गावच्या सरपंच आणि 'घरी या' समितीच्या प्रमुख. समितीत बाकीचे सहाजण फक्त मान हलवायला होते.

"लीवाय!" मर्टलनं कुंपणावरून हाक मारली. शेजारचा लीवाय तोंडात बिस्किट घेऊनच बाहेर आला. "पंपघराकडे येतोस का?"

"काय आहे तिकडे?"

"बघायचंय."

"मीपण येते," मागून सिएरा म्हणाली. नको म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून मर्टलनं नुसते खांदे उडवले.

टेकडी चढताना लीवायनं तीनदा विचारलं, "पण तुला संशय कशावरून आला?" मर्टल तीनदा म्हणाली, "असंच." सिएरा मात्र आनंदात होती. "माझ्या माशाचं नाव मी 'पॉप' ठेवणार आहे," ती म्हणाली. मर्टलनं पाय आपटत वेग वाढवला.

पंपघराला कुलूप होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारी मदतीतून इथं नवं यंत्र बसलं होतं. क्लोरीन आपोआप सोडायचं आणि क्लोरीन कमी झालं की बाहेरच्या भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकवायचं. सगळ्या गावाला तो धक्क्यावरूनही दिसायचा. पण आज भिंतीवर दिवा नव्हता. त्याच्या जागी खारवलेल्या मांसाची रिकामी पांढरी बादली होती, पालथी, दोरीनं करकचून बांधलेली.

"दिव्याला टोपी कुणी घातली?" लीवाय म्हणाला.

सिएरा त्याच्या खांद्यावर चढली आणि तिनं दोरी सोडली. बादली खाली पडली. आत दिवा लुकलुकत होता. लाल, लाल, लाल.

तेवढ्यात वारा फिरला आणि लीवायनं हातातलं बिस्किट खिशात ठेवलं. लीवायनं खाणं थांबवणं म्हणजे प्रकरण गंभीरच.

"शी! कसला वास आहे?"

वासाच्या मागावर ती काठाकाठानं गेली. ओढा तळ्याला मिळतो तिथं दोन डोमकावळे उडाले. पाण्यात अर्धी बुडालेली, मूस जातीच्या अजस्र हरणाची मादी मरून पडली होती, घोड्याएवढी मोठी, पोट फुगलेली. गावाला पाणी नेणाऱ्या नळाचं तोंड तिथून वीस पावलांवर होतं.

"हे पाणी..." सिएराचा चेहरा पांढराफटक पडला. "वायट हे पाणी पितो."

मग मात्र कुणी कुणाची वाट पाहिली नाही. तिघं टेकडीवरून जी सुटली ती थेट सभागृहाच्या स्वयंपाकघरात.

तिथं गावजेवणाची तयारी जोरात चालली होती. बारा बायका, वाफाळणारी पातेली, कोबी, गाजरं, खारं मांस. मोठ्या टबात आंट ब्यूला मुलांसाठी लाल सरबत ढवळत होत्या आणि टबावर नळ धो धो वाहत होता.

"आंट ब्यूला, नळ बंद करा," मर्टल धापा टाकत म्हणाली. "तळ्यात मूस मरून पडलंय. आणि पंपघराचा दिवा लागलाय. कुणीतरी त्याच्यावर बादली बांधली होती."

ढवळणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "ते नवं यंत्र ना, उगाच रडत असतं बाळा. पाहुण्यांना कशाला घाबरवायचं, म्हणून झाकलं. आणि मुसाचं काय, तळं केवढं, मूस केवढं. शिवाय पाण्यात क्लोरीन आहेच की. त्यानं सगळं मरतं."

"क्लोरीन नाहीये!"

"कुपीत बघितलंस?"

"कुलूप आहे."

"मग झालं तर. जा, खुर्च्या मांडायला मदत करा."

बायका हसल्या. कोपऱ्यात मावशी वायटची बाटली भरून हलवत होती. वायट तिच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करून ओरडत होता. मर्टलनं सिएराकडे बघितलं. एकच पुरावा होता, आणि तो सांगायचा म्हणजे दुसरंही सांगावं लागणार होतं.

"क्लोरीन असतं तर सिएराचा मासा मेला असता," ती म्हणाली.

"म्हणजे?" सिएरानं विचारलं.

"ताज्या नळाच्या पाण्यात मासा मरतो. मला माहीत होतं. काल तू पाणी भरलंस तेव्हाही माहीत होतं. मी मुद्दाम बोलले नाही." आता थांबता येत नव्हतं. "तो मरावा असं मला वाटत होतं. तुला सगळं मिळतं म्हणून. पण तो मेला नाही. ठणठणीत आहे. म्हणजे पाण्यात क्लोरीनचा थेंबही नाही. मावशी, ती बाटली वायटला देऊ नकोस."

सिएरा तिच्याकडे अशी बघत होती, की त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती. मग ती वळली, आईच्या हातातली बाटली घेतली आणि मोरीत ओतून दिली.

"पोर खरं बोलतेय."

दारात पॉप उभे होते, खांद्यावर बटाट्यांचं पोतं घेऊन. त्यांनी पोतं खाली ठेवलं, टोपी काढली. "राहू दे ब्यूला, मी सांगतो. गुरुवारी मी क्लोरीन बंद केलं. माझ्या हातांनी. परत आलेल्यांना आईच्या हातचा चहा मिळावा, नऊ दिवसांनी काय होतंय, असं आम्ही ठरवलं. दिव्यावर बादली मीच बांधली. आणि बादली बांधल्यावर तोंड लपवून बसलो, वर फिरकलोच नाही. मूस मला दिसलंच नाही."

आंट ब्यूलांनी हात पुढे केला आणि नळ बंद केला. मग लाल सरबताचा अख्खा टब उपडा केला.

पुढचे दोन तास गावात नुसती धावपळ. लीवायच्या हाती शाळेची घंटा आली, मग काय विचारता! "पाणी उकळून प्या, कच्चं पिऊ नका," असं ओरडत त्यानं एकही तंबू सोडला नाही. त्याचे बाबा आणि पॉप होडी, दोर घेऊन मूस ओढायला गेले. मांसाची पातेली उतरवून त्यांत पाणी उकळायला ठेवलं. जेवण तीन तास उशिरा झालं, पण सहाशे माणसं जेवली आणि त्या आठवड्यात कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातून पाणी तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी पॉपना आणि आंट ब्यूलांना एका खोलीत बसवून जे ऐकवलं, ते लीवायनं खिडकीखाली बसून ऐकलं, पण तो आजवर कुणाला सांगायला तयार नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "गावातल्या तीन माणसांनी डोकं वापरलं. तिघंही चौदा वर्षांच्या आतली." संध्याकाळी आंट ब्यूलांनी क्लोरीनच्या पाण्याचा चहा सगळ्यांसमोर घेतला. तोंड वाकडं झालं, तरी कप संपवून म्हणाल्या, "छान झालाय. आणि मर्टल, पुढच्या वेळी मी ऐकलं नाही, तर टब तूच उपडा कर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मर्टलला त्यांचं काही वाटलं नाही. सिएरा दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

बुधवारी सकाळी दार वाजलं. पॉप हातात किल्ली घेऊन उभे होते.

"मला वाटलं तुम्हाला आता सिएराच हवी," मर्टल म्हणाली.

"वेडी आहेस का? तुला वर नेलं असतं तर तू कुपी बघितली असतीस. आणि मग माझ्याकडे बघितलं असतंस." पॉपनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "तुला कसं तोंड दाखवणार होतो?"

मर्टलनं किल्ली मुठीत घट्ट धरली. मग ती आत गेली आणि खिडकीजवळच्या खाटेशी थांबली. "येतेस? पाणी गुलाबी होतं. बघण्यासारखं असतं."

सिएरानं पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "मी रविवारी परत जाणार," ती म्हणाली. "तू इथं रोज असतेस. त्यांच्याबरोबर. हे तुला कधी सुचलंच नाही ना?"

मर्टलला खरंच सुचलं नव्हतं.

वर पंपघरात पावडर सिएरानं टाकली. पहिल्याच फटक्यात पाणी असं सुरेख गुलाबी झालं, की पॉप "वा!" म्हणाले, आणि मर्टल पुन्हा थोडीशी जळलीच. ती सवय काही एका दिवसात जाणारी नव्हती.

"आता माझ्या माशाचं काय?" उतरताना सिएरानं विचारलं. "बरणीतलं पाणी घाण झालंय. आणि नळाला तर आता क्लोरीन आहे."

"जिन्याखाली बादली आहे," मर्टल म्हणाली. "कालच भरून उघडी ठेवलीय."