काटा का चढला

ती पहिल्यांदा भेटली तेव्हा माझी डिश नापास करायला निघाली होती.

मी अँटेना उभारणारा फिटर. तीन मीटरची ती डिश जोडायला दोन महिने राबलो होतो. नापास झाली असती तर गाशा गुंडाळावा लागला असता. तपासायला मोठ्या ऑफिसातून इंजिनिअर बाई आल्या. पायात दोन नंबर मोठे बूट; भावाचे, हे नंतर कळलं.

तपासणी साधी असते. सूर्याकडून उजेडासारख्या रेडिओलहरीही येतात. डिश आधी सूर्याकडे वळवून मीटरचा काटा बघायचा, मग रिकाम्या आभाळाकडे. दोन्हींत फरक जितका मोठा, तितकी डिश चांगली.

सूर्यावर काटा झकास चढला. रिकाम्या आभाळावर मात्र... उतरता उतरेना.

"पुन्हा बघा ना, मॅडम."

"तिसऱ्यांदा बघतेय." त्यांनी पेन उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, मान वर केली. "अहो फिटर, तुम्ही तिथं काय करताय?"

"डिशवर लक्ष ठेवतोय."

"तिच्या तोंडासमोर उभं राहून? व्हा बरं बाजूला!"

मी चार पावलं सरकलो. काटा सरसर खाली आला.

त्या हसल्या. "आभाळ गार, माणूस गरम. तुमच्या अंगाची ऊब मोजत बसले होते मी."

"मग... डिश पास?"

"डिश पास. तुमचं अजून ठरायचंय."

माझे कान तापले. "ते कधी ठरणार?"

"चहा पाजलात तर – आत्ता."

सहा महिन्यांनी लग्न झालं. पुढे कुठेही नवी डिश उभी राहिली की काम आटोपल्यावर ती मीटर आमच्याकडे वळवून ठेवायची आणि मला ओढत डिशसमोर न्यायची.

"बघ फिटर, किती चढला! तापटच आहेस तू."

"त्यातला अर्धा तुझा."

"अर्धा? जास्तच असेल!"

एकतीस वर्षं असं चाललं. ती जाऊन आता वर्ष झालं.

पेन उघडल्यावर नापास लिहून ती निघून गेली असती, तर कोणी तिला बोल लावला नसता. पण तिने मान वर केली. माझा सगळा संसार तेवढ्यावर उभा राहिला.

परवा त्याच जुन्या डिशची तपासणी होती. काम झाल्यावर मीटर वळवून ठेवला आणि समोर जाऊन उभा राहिलो.

काटा एका माणसापुरता चढला. पण चढला.