दोन ‘आहे’ आणि एक पाहुणा

“सोय एन कनेरगाव!”

इतकं चुकीचं स्पॅनिश इतक्या ठसक्यात राजनंदिनीनं जन्मात ऐकलं नव्हतं. कनेरगाव नाक्यावर वडिलांचा ढाबा. तिथंच गल्ल्याशी लॅपटॉप मांडून ती ऑनलाइन स्पॅनिश शिकवायची. आणि हा कोण कुठला पोरगा, पिठलं-भाकरी खाता खाता फोनवर ‘मी कनेरगावात आहे’ सांगताना त्या भाषेची चटणी वाटत होता!

“एस्तोय म्हणा हो, एस्तोय!” ती जागेवरूनच ओरडली.

त्यानं फोन ठेवला. “तुमाला येते स्पॅनिश?”

“तुमाला येत न्हाई, येवढं तर कळते!”

तो प्रभू. राहणार हट्टा, कामाला वसमतच्या हळद व्यापाऱ्याकडं. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं. पुढच्या रविवारपासून तो शिकायला येऊ लागला. कोपऱ्यातलं टेबल, दोन चहा… आणि गल्ल्यावर पेपराआडून बघणारे तिचे वडील, दगडोबा.

“‘आहे’ म्हणायला दोन-दोन शब्द काहून?”

“माणूस मुळात कोण हाय, कसा हाय, त्याला सेर, त्यातलंच तुमचं सोय. सध्या कसा हाय, कुठं हाय, त्याला एस्तार, त्यातलं एस्तोय. तुमी हट्ट्याचे, ते सेर. आत्ता माझं डोकं खात बसलात, ते एस्तार.”

“अन् तुमी सारख्या चिडून राहता मॅडम, ते कोणतं?”

“एस्तार! तुमी गेले की थांबते.”

तो हसायचा, तेव्हा आधी डोळे हसायचे. बोटांची हळद कपाच्या कानाला लागायची. तो गेल्यावर ती कप लगेच धुवायला टाकत नसे… आणि स्वतःवरच चिडत असे.

मग एका रविवारी दारात जीप थांबली. आत्या भिकाबाई, दोन काका, आणि मागं कडक इस्त्रीच्या शर्टात— प्रभू! त्याच्याच घरची माणसं, मुलगी बघायला! निरोप दगडोबांना आलेला. तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतके रविवार समोर बसला, आणि शेवटी आत्याला पुढं केलं? हवा होता तर तिला तोच. पण असा नको. नाही म्हणायचं, तिनं ठरवून टाकलं, आणि पोह्यांच्या बशा टेबलावर आदळल्या.

“बाई, जरा चालून दाखव बरं,” आत्या म्हणाल्या.

“दर रविवारी यांच्यापुढं चालतच तर चहा आणते. यांनाच विचारा!”

आत्यांनी तोंडावर पदर धरला. “अगं बाई! पोरगी भलतीच रागीट हाय.”

दगडोबांची मान खाली गेली. झालं, संपलं, तिला वाटलं.

तेवढ्यात प्रभू उठला, हातात बशी तशीच.

“रागीट न्हाई, आत्या. आत्ता रागावून राहिली. अन् चूक माझी हाय.” तो तिच्याकडं वळला. आज ‘मॅडम’ नव्हतं. “राजनंदिनी… आमच्यात आधी पोरीला विचारलं, तर पोरगं आगाऊ म्हणतेत. मला वाटलं, मोठ्यायनं यावं, तुझा मान राहील. खरं सांगू? भ्यालोबी होतो. आता समद्यायसमोर विचारतो. मी पसंत हाव का? न्हाई म्हणलीस, तर जीप मुकाट्यानं परत जाईल.”

ढाब्यात कुणी घास उचलेना. राजनंदिनीनं राग धरून ठेवायची पुष्कळ धडपड केली.

“चालून दाखव,” ती म्हणाली.

“आँ?”

“गल्ल्यापासून दारापर्यंत. चाल!”

आणि तो चालला! बशी सांभाळत, कान लाल करून, गेला आणि परत आला. पेपराआड दगडोबांना हसू आवरेना.

“राग गेला?” त्यानं हळूच विचारलं.

“न्हाई. तो एस्तार हाय, जाईल उद्यापर्यंत.” तिनं त्याच्या हातातली बशी काढून घेतली. “तू माझा… ते सेर.”