मंगळवारची गाडी

शहरात आता बसथांबे उरले नव्हते. गाडी बोलवावीही लागत नसे. पायात चपला सरकवायच्या आत ती दाराशी हजर! ही किमया ‘पूर्वओढ’ नावाच्या यंत्रणेची. प्रत्येकाचा फोन रोज कुठून कुठे जातो हे ती पाहत राही आणि उद्या कुणाला कुठे जायची ओढ लागेल याचा अंदाज बांधून गाडी आधीच धाडी. तिचं कौतुक इतकं, की विचारायची सोय नाही.

खाणवस्तीत मात्र गाडी कधीच आली नाही. रेश्मा लोंढे आपल्या नवऱ्याला, सोमनाथला, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हातगाडीवर घालून टेकडीपलीकडच्या डायलिसिस केंद्रात न्यायची. उशीर झाला की नंबर जायचा आणि सोमनाथची सूज वाढायची.

यंत्रणा घडवणाऱ्या डॉ. गार्गी टिपणीस एकदा पाहणीला वस्तीत आल्या. हातातल्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, “कमाल आहे. इथून कुणी बाहेरच पडत नाही.”

“काय बोलता मॅडम!” रेश्मा म्हणाली, “सगळ्या बाया टेकडी उतरून कामाला जातात की.”

“फोन घेऊन?”

“फोन कसा नेणार? घरात एकच. पोरांचा अभ्यास त्याच्यावर, आजारी माणसाचा जीव त्याच्यावर. आमच्याकडं फोन माणसाचा नसतो, घराचा असतो.”

माणसागणिक फोन हे गार्गीबाईंनी इतकं गृहीत धरलं होतं, की कधी तपासलंच नव्हतं. यंत्रणेच्या लेखी ही वस्ती घरात सुखानं बसून होती.

“मग बदला की तो हिशेब.”

“ते आता माझ्या हातात नाही, रेश्माताई. ती स्वतःच शिकते. तुम्ही फोन सोबत न्या, म्हणजे तिला दिसाल.”

“ह्यांना धाप लागली की हे घरच्या फोनवरून माझ्या कामाच्या मालकिणीला फोन करून मला कळवतात. मग कशावरून कळवणार?”

“थोडेच दिवस,” गार्गीबाई म्हणाल्या.

सोमनाथच म्हणाला, “ने गं. किती दिवस ढकलशील मला?”

तिनं नेला, कामावर आणि केंद्रातही. गल्लीतल्या सगळ्याच बायांनी नेला. दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी ती परतली, तर सोमनाथ शेजारच्या बंद दाराशी पडलेला होता. शेजारची शबाना कामाला गेली होती, तिचा फोनही तिच्यासोबत. सोमनाथचं अंग गार पडलं होतं. आपणच मारलं त्याला, असं रेश्माला वाटलं, आणि ते वाटणं पुढे कधी गेलं नाही.

तेरावं व्हायच्या आत, मंगळवारी, दारात गाडी आली. वस्तीतली पहिली. “डायलिसिस केंद्र,” आतून गोड आवाज आला.

रेश्मानं दगड उचलला. मग तो टाकून गार्गीबाईंना फोन लावला. “बंद करा ही. माणूस गेला माझा.”

पलीकडून गार्गीबाई म्हणाल्या, “ताई, पहिलाच अंदाज खोटा ठरला तर ती वस्तीला पुन्हा वगळेल. तुम्ही बसलात, तर मागून इतरांनाही गाड्या येतील.”

“किती दिवस बसू?”

शबाना आपल्या गरोदर सुनेचा हात धरून दारात उभी होती. रेश्मा गाडीत बसली.

आता शबानाच्या दारीही गाडी येते. रेश्मा दर मंगळवारी, शुक्रवारी केंद्रापर्यंत जाते, बाहेरच्या बाकावर बसते आणि परत येते. उतरताना गाडी विचारते, “प्रवास सुखाचा झाला ना?”

ती हो म्हणते. नाही म्हटलं तर यंत्रणा तेही शिकेल.