हळदीखालचा उजेड

नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्याची थोरली बहीण केतकी अकराच्या सुमाराला आली, तेव्हा शैलजाचे पाय केव्हाच भरून आले होते. शर्वरी पाटावर बसली होती. बायकांनी नवरीला कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी केली, आणि नलूआत्या अडून बसली.

"मनगट कोरंच राहिलं की गं! तो पट्टा सोड घटकाभर."

शैलजानं आपल्याच हातानं लेकीचा पट्टा सोडला, तिथं दाट हळद चोळली आणि पट्टा पुन्हा बांधला.

त्या पट्ट्याखाली, कातडीच्या आत, तांदळाच्या कणीएवढा दीप्तिकण होता. पट्टा त्यावर निळा उजेड टाकायचा. रक्तात साखर जितकी जास्त, तितका कण हिरवा उजळायचा. याला अनुदीप्ती म्हणतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो उजेड मोजून पोटावरचा पंप आपला आपण इन्सुलिन सोडायचा. कण बसवून दोन वर्षं झाली. त्याआधीची सतरा वर्षं, शर्वरी सहा वर्षांची असल्यापासून, हे सगळं काम शैलजाचं होतं: सुई, रक्ताचा थेंब, मोडकी झोप. आता झोप मिळत होती, पण शीण काही उतरत नव्हता.

पट्टा थरथरला. तीनशे दहा.

"पेढा खाल्लास का गं?"

"नाही. पंप देतोय ना, बघेल तो."

बायकांनी ओवी धरली:

*हळदीनं न्हाली, माझी शेवंती पिवळी*
*उद्याच्या गं दारी, तिला कोण घेई जवळी*

तासभर झाला. आकडा हलेना, पंप थांबेना.

"बंद करा ती गाणी!" शर्वरी एकदम कडाडली. "आणि आई, उद्यापासून तरी माझ्या तोंडाकडे टक लावून बसू नकोस!"

"अगोबाई! नवरीला आत्ताच सासूचा आवाज फुटला," नलूआत्या म्हणाली. सगळ्या हसल्या.

शैलजा हसली नाही. पंखा भरधाव होता, तरी लेकीच्या वरच्या ओठावर घाम होता. तिथली हळद ओघळली होती. पट्टा तीनशे म्हणत होता, चेहरा पन्नास. तिनं चेहऱ्याचं ऐकलं. आधी पंप बंद केला, मग पर्समधून रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारं जुनं यंत्र काढलं.

"तुझं... ते... वस्तुसंग्रहालय," शर्वरीची जीभ जड झाली होती.

बोट धुतलं, टोचलं. अठ्ठेचाळीस.

"सरबत आणा! साखर जास्त घाला!"

केतकी धावली. पेला तिनंच शर्वरीच्या ओठांना लावला. शैलजानं पट्टा उचलला. निळ्या उजेडात हळद माखलेलं सगळं मनगटच हिरवंपिवळं पेटलं होतं. कण कुठला, कळत नव्हतं.

"हळदच चमकतेय, काकू. पट्ट्याला ती साखर वाटली," केतकी म्हणाली.

"मीच चोळली," शैलजा म्हणाली आणि खाली बसली.

पाऊण तासानं शर्वरीच्या गालांवर रंग आला. केतकीनं हळूच विचारलं, "पट्टा तीनशे दाखवत असताना तुम्हाला कसं कळलं? मला शिकवा. उद्यापासून ही आमच्यात."

"ओठावर घाम येतो. आणि माझ्यावर खेकसते. तेव्हा आधी साखर द्यायची, भांडण मागाहून."

"आणि खरंच रागावली असेल तर?"

एकोणीस वर्षांत लेक जेव्हा जेव्हा रागावली, तेव्हा शैलजानं आधी साखरच पाहिली होती. मघाचं ते 'टक लावून बसू नकोस' साखरेचं होतं, की शर्वरीचं?

रिकामा पेला मांडीत धरून शर्वरी आईकडे बघत होती. आता तिच्या ओठावर घाम नव्हता.