खाणीच्या वळणावरचा कॉल

खोटं वाटेल, पण हे माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. भरदुपारी अडीच वाजता, जुन्या दगडखाणीच्या वळणावर.

वहिनी मोबाइल कंपनीत इंजिनीअर. गाडीतून फिरायचं, कॉल चालू ठेवायचा आणि एक टॉवर तो कॉल पुढच्या टॉवरकडे नीट सोपवतो की नाही, ते लॅपटॉपवर बघायचं. खाणीच्या वळणावर सगळ्यांचेच कॉल तुटायचे. तक्रारींचा ढीग साचला होता.

गाडी ड्रायव्हरकाका चालवत होते. ऑफिसातून फोनवर होता तिचा सहकारी. तोंड कधी मिटायचं नाही, म्हणून सगळे त्याला पोपट म्हणत.

वळण आलं...

कॉल तुटला नाही.

उलट आवाज जास्तच स्वच्छ झाला. वहिनीने स्क्रीन पाहिली. कॉल कुठल्यातरी टॉवरने धरला होता... आणि तो टॉवर तिच्या यादीत नव्हताच.

"काका, इथे टॉवर आहे का कुठे?"

"छे हो ताई. होता एक. चार वर्षांपूर्वीच उतरवला."

पोपट बोलतच होता. फक्त... हसत नव्हता.

"मुलगी शाळेतून किती वाजता सुटते?"

"चारला. का रे?"

"घ्यायला कोण जातं?"

"शेजारच्या काकू. असं काय विचारतोयस?"

नुसता श्वास...

वळण संपलं, कॉल तुटला. लगेच फोन वाजला.

"अगं, होतीस कुठे? चार मिनिटं हॅलो हॅलो करून घसा बसला माझा!"

वहिनीचं डोकंच फिरलं. "फालतू मस्करी पुरे. माझ्या मुलीची चौकशी कशाला केलीस?"

"मी? शपथ गं!"

तिचा काडीचाही विश्वास बसला नाही. चाचणीचा प्रत्येक कॉल लॅपटॉपवर रेकॉर्ड व्हायचा. तिने ते रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज स्पष्ट होता. "चारला." "शेजारच्या काकू." मधल्या जागी मात्र...

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

"काका, गाडी वळवा. शाळेकडे."

चारच्या सुमाराला ती पोचली तेव्हा मुलगी फाटकाबाहेर एकटीच उभी होती. वहिनीने तिला उचलूनच घेतलं.

वॉचमन चकित झाला. "अहो, तुम्ही कशा? आत्ताच फोन आला होता. काकू येणार नाहीत, मुलीला बाहेर उभं करा, मी न्यायला येतोय म्हणून."

"कोणाचा फोन?"

"एका माणसाचा. आवाज इतका स्वच्छ... वाटलं, शेजारीच उभा आहे."

वॉचमनला फोन आला त्या वेळी पोपट दहा जणांसमोर मीटिंगमध्ये बसला होता. वहिनीने प्रत्येकाला विचारून खात्री केली. तरी संशय जाईना. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी बिचाऱ्याने बदली मागून घेतली.

जाताना तिच्या टेबलापाशी आला. डोळे भरले होते त्याचे.

"एकदा तरी म्हण, तो मी नव्हतो."

वहिनीला ते म्हणवेना. तो नव्हता असं मानलं, तर मग...

अजूनही तिला म्हणवत नाही.