मागचे दोन स्पीकर

माझ्या गप्पांतला निम्मा माल पदरचा असतो, असं बायको म्हणते. ही गोष्ट उरलेल्या निम्म्यातली.

चौतीस वर्षं मी एका थिएटरात ऑपरेटर होतो. मशीन चालवायचं आणि रीळ तुटलं की पब्लिकच्या शिव्या खायच्या. ही खाली बुकिंगच्या खिडकीत. तिकिटं संपली की माझ्या केबिनखालच्या शेवटच्या रांगेत येऊन बसायची. आमचं लग्न त्या रांगेनंच जमवलं म्हणा ना! पुढे थिएटर पाडलं. दोन वर्षांपूर्वी हिची नजर गेली, तसं हिचं बोलणंही आटलं. म्हटलं, चित्र नाही तर नाही, आवाज तरी थिएटरचा आणू.

बजेट असं, की दुकानात शिरल्यावर पाय आपोआप जुन्या मालाच्या कोपऱ्याकडे वळावेत. दुकानदारानं तरी आधी नवा साउंडबार लावून दाखवला. "काका, टीव्हीखाली एकच पट्टी. वायरींचा गुंता नाही."

ही ऐकून म्हणाली, "स्वच्छ आहे. पण हॉल रिकामा वाटतो."

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी समजावलं, "माणसं आवाज पितात, बाबा. रिकाम्या हॉलमध्ये टाळी घुमून परत येते, भरलेल्यात जिरते. शोआधी केबिनमधून एक टाळी वाजवली की मला गर्दी कळायची."

"मग काकूंना प्रेक्षक कुठून देऊ?" असं म्हणत त्यानं कोपऱ्यातला पाच स्पीकरचा जुना संच जोडला. आवाज सुरू होताच हिनं मान वर केली. "वाजवा टाळी."

मी वाजवली. उशीवर थाप मारावी तशी ती तिथल्या तिथे विरली.

"हाउसफुल," ही म्हणाली, आणि हसली. दोन वर्षांनी.

"नाही आवडला तर सात दिवसांत परत आणा," दुकानदार म्हणाला.

आमची खोली लहान. दोन स्पीकर टीव्हीच्या बाजूंना, एक मधे, आणि मागचे दोन सोफ्याच्या वर, भिंतीला. रोज दुपारी मॅटिनी सुरू झाली. ही पुन्हा बोलायला लागली, डायलॉगच्या आधी डायलॉग म्हणायला लागली.

तिसऱ्या दिवशी डाव्या हाताला कुणीतरी खोकलं. सिनेमातलंच असेल, म्हटलं. चौथ्या दिवशी पुन्हा, प्रेमाच्या प्रसंगात. मी सिनेमा थांबवला. खोली गप्प. मग खुर्च्या करकरल्या आणि मागून एक लांबलचक शिट्टी आली. रीळ तुटल्यावर येते, तशी.

मी घाबरट नाही. शेजाऱ्यांकडे चौकशीला गेलो. घर बंद, सगळे गावाला. वायरी तपासल्या. सहाव्या दिवशी मागच्या दोन्ही स्पीकरच्या वायरी उपसून हातात धरून बसलो, तरी कानाजवळ कुणीतरी घसा खाकरला.

"तुला ऐकू येतं का गं?"

"आज गर्दी कमी आहे," ही म्हणाली. "पण येतील. इंटरव्हलपर्यंत येतात."

सातव्या दिवशी खोका काढून ठेवला. दुकान संध्याकाळी बंद व्हायच्या आत परत द्यायचं, हे ठरवूनच सिनेमा लावला.

अर्ध्या तासानं हिनं गुडघे एका बाजूला घेतले. क्षणभर तशीच बसली. मग सरळ झाली.

पुन्हा घेतले. पुन्हा सरळ.

रांगेतून कुणी आत जात असेल तर आपण वाट देतो, तसं.

मी ताडकन उठलो. स्विचकडे निघालो.

"अहो," मागून हिचा आवाज आला, हलका, हसरा, बुकिंगच्या खिडकीतला. "बसा ना खाली. मागच्यांना दिसत नाहीये."

मी वळून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. खूप वेळ.

मग येऊन बसलो.

सोफा भिंतीला टेकलेला आहे. मागच्यानं सोफ्याच्या पाठीला गुडघा टेकवला, तो माझ्या कमरेला लागला. मी सवयीनं थोडा पुढे सरकलो.